परक्या बाईच्या हाती मूल

लग्नं मंगल कार्यालयांतून उठून कर्जत, लोणावळा, महाबळेश्वर आणि गोव्याच्या रिसॉर्टांत गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन-तीन रात्रींचा मुक्काम असतो. संगीताचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो, जेवणं उरकेपर्यंत बारा वाजतात. घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की या मुक्कामात एक प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: आजी खोलीत थांबेल. आजी नसेल तर आई थांबेल. हॉटेलकडे मूल सांभाळायला बाई मागू या, असं एखादीने सुचवलंच, तर मूल टाकून द्यायला सांगितल्यासारखे सगळे तिच्याकडे बघतात. ‘असलं आपल्याकडे नसतं’ हे वाक्य पाठोपाठ येतं.

हे मत केवळ जुन्या पिढीचं नाही. स्वतः नोकरी करणारे, मुलाच्या लसींचं वेळापत्रक तोंडपाठ असणारे तिशीतले आईबापही तेच बोलतात. म्हणून ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडून मगच तपासायला हवं.

पूर्वपक्ष असा. लहान मूल बोलत नाही, आणि बोललं तरी आपल्यामागे काय घडलं ते त्याला सांगता येत नाही. जिचं नाव आपल्याला तासाभरापूर्वी कळलं आणि जी उद्या पुन्हा दिसणार नाही, तिच्या हाती बंद खोलीत मूल देणं हा धोका आहे, आणि उद्या काही बरंवाईट झालंच तर ते मुलाला भोगावं लागतं. आठ-नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मुलं नवख्या माणसाला बिचकतात. त्यात जागा नवी, पलंग नवा, वेळ रात्रीची. आपल्याकडे मूल दहा हातांत वाढत आलं, पण ते हात घरचे होते. पैसे मोजून सांभाळणारी आणायची रीत साहेबाची. शेवटचा आक्षेप तोंडावर क्वचित घेतला जातो, पण बोचतो तोच: तीन तासांच्या नाचगाण्यासाठी मूल दुसऱ्याकडे द्यावंसं वाटतं, म्हणजे आईपणातच काही कमी आहे.

यातला धोक्याचा मुद्दा गंभीर आहे, त्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे. पण रीतीचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितला जातो आणि त्यात तथ्य सगळ्यांत कमी आहे.

मराठी घरात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई येऊ लागते. ती बहुधा नात्याची नसते. न्हाणीत पाटावर बसून ती लुगडं गुडघ्यापर्यंत सारते, पाय पुढे पसरते, आणि ज्याची मानही अजून धरलेली नाही असं बाळ स्वतःच्या नडग्यांवर पालथं घालते. पाठीत तेल जिरवते, डाळीच्या पिठाने अंग चोळते, कपाळाला आडवा हात धरून डोळ्यांत पाणी जाऊ न देता डोक्यावर कढत पाणी सोडते, टाळूवर तेल थापते, मग ओव्याची धुरी. बाळ किंचाळत असतं. पहिले तीन-चार दिवस आजी दारात उभी राहून बघते. पुढे तीही आपल्या कामाला लागते. सव्वा महिन्याने बाई आपला पगार आणि साडी घेऊन पुढच्या घरी जाते. इतकं कोवळं मूल पगारी, परक्या बाईच्या पायांवर द्यायला जो समाज कधी कचरला नाही, त्याने दोन वर्षांच्या चालत्याबोलत्या मुलापाशी तीन तास परकी बाई बसली म्हणून संस्कृतीचा दाखला द्यावा, हे टिकणारं नाही. त्या न्हाऊ घालणारीवर विश्वास बसतो तो कशामुळे? शेजारच्या घरी हिने दोन्ही नातवंडांना न्हाऊ घातलं, हे कानावर आलेलं असतं म्हणून. विश्वासाला नातं लागत नाही, खात्रीची शिफारस लागते. हॉटेलात ती कशी मिळवायची हा प्रश्न रास्त आहे, त्याकडे पुढे येतोच.

इतिहासात मागे गेलं तरी हेच दिसतं. संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ दूधआई म्हणून आली. मराठी माणूस तिचं नाव आजही आदराने घेतो, आणि तिच्यामुळे सईबाईंच्या आईपणाला उणेपणा आला असं कोणी म्हणत नाही.

मग पाळणाघरं. गिरगाव, दादर, ठाणे, डोंबिवली, पुण्याच्या पेठा, कोथरूड: नोकरी करणाऱ्या मराठी बायकांच्या दोन-तीन पिढ्यांची मुलं चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या कुणा काकूंच्या बाहेरच्या खोलीत वाढली. तिथेच मऊ वरणभात, तिथेच सतरंजीवर दुपारची झोप. सोमवार ते शनिवार रोज आठ-नऊ तास मूल तिथे असायचं. हेच मूल मोठं होऊन आता स्वतःच्या बाळासाठी हॉटेलात तीन तास बाई ठेवायला घाबरतं आणि त्याला परंपरा म्हणतं. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावं, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ती देशभर नेली. घरच्या नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या बाईने लहान मुलांकडे बघावं, ही कल्पना परदेशी म्हणणाऱ्यांनी बोर्डीला एकदा जाऊन यावं. त्या किनाऱ्यावर आज सुट्टीला येणाऱ्यांसाठी रिसॉर्टही आहेत.

सांभाळणारं कोणी नसतं तेव्हा काय होतं, हेही आपल्या इतिहासात नोंदलेलं आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवून जात. त्यांना मुलांची माया नव्हती असं म्हणायला जीभ धजावणार नाही. मायेच्या जोडीला लागणारी दुसरी जागी व्यक्ती त्यांना परवडत नव्हती, एवढंच. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. आज हॉटेलच्या खोलीत मूल निजावं म्हणून सर्दीचं औषध पाजणारे सुशिक्षित लोक आहेत. सर्दीच्या औषधातल्या क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन या जोडीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. मुलाला औषधाने झोपवणं ही घरची माया, आणि जागी बाई बसवणं हा निष्काळजीपणा, हा हिशेब मला मान्य नाही.

आता धोका. परकी व्यक्ती म्हणजे धोका आणि घरची म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण आपल्याकडच्या आकडेवारीपुढे उभं राहत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून बाल अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकला होता असे निघाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत पोक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर दिसतं. यावरून प्रत्येक काकामामावर संशय घ्यावा असं मी म्हणत नाही. ओळखीचा माणूस मुलापाशी जास्त वेळ असतो, म्हणून आकडा तसा येणारच, हेही खरं. पण ‘नात्यातलं आहे ना, मग झालं’ ही कसोटी पुरेशी नाही, एवढं त्यावरून निर्विवाद ठरतं. लग्नाच्या गर्दीत रात्री अकराला झोपलेलं मूल कुणा लांबच्या भावाच्या खांद्यावर टाकून ‘खोलीत नेऊन निजव’ असं सांगणाऱ्यांना हॉटेलच्या बाईची भीती वाटते, याचा अर्थ भीतीचा रोख चुकलाय.

शिवाय लहान मुलाला सर्वांत मोठा धोका दुष्ट माणसाचा नसतोच. तो पाण्याचा, उंचीचा, गरम किटलीचा, घशात अडकणाऱ्या सुपारीच्या खांडाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या अहवालानुसार बुडून मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते एक ते चार वर्षांच्या मुलांत. या बाबतीत बांगलादेशाने जे करून दाखवलं ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथे खेड्यांत मुलं बुडत ती परक्यांच्या ताब्यात असताना नाही. ती बुडत स्वतःच्या घरापासून काही पावलांवरच्या डबक्यात, सकाळच्या वेळी, आई घरातच रांधत-धूत असताना. उपाय म्हणून गावागावांत ‘आँचल’ नावाची पाळणाघरं निघाली. गावातल्याच एका बाईला शिकवून तिच्याकडे सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत मुलं ठेवायची, बाकी काही नाही. या मुलांत बुडण्याचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्या आयांचं प्रेम आधीही कमी नव्हतं. जिचं त्या वेळेपुरतं दुसरं काहीच काम नाही अशी एक व्यक्ती आधी नव्हती, ती आता होती.

आता हेच लग्नाच्या रिसॉर्टवर लावून बघा. चाळीस नातेवाईक हिरवळीवर आहेत, पोहण्याचा तलाव वीस पावलांवर आहे, त्याला कुंपण नाही. आईला वाटतं मूल मामीकडे आहे. मामीला वाटतं आत्याने घेतलंय. आत्या फोटोसाठी उभी आहे. घरच्या हातांची इतकी गर्दी आणि त्यातला एकही हात मुलाच्या दंडाला नाही, अशी दहा मिनिटं प्रत्येक समारंभात येतात, आणि मूल तलावात जायला दहा मिनिटं लागत नाहीत. मूल सगळ्यांचं असतं तेव्हा त्या घटकेला ते कुणाचंच नसतं. पैसे घेऊन आलेल्या बाईच्या बाबतीत एक गोष्ट पक्की असते: साडेसात ते साडेअकरा तिला नाचायचं नाही, फोटोला उभं राहायचं नाही, जेवणाच्या पंगतीत कुणी आग्रह करून तिला ओढून नेणार नाही.

आणि आजी? धडधाकट, जागी, स्वतःहून तयार असलेली आजी मिळाली तर तिच्यापेक्षा चांगली सोय नाही, हे मी कुठल्याही अटीशिवाय मान्य करते. पण तिला विचारतं कोण? सत्तरीची बाई दिवसभर हळद-मुहूर्तात उभी असते. गुडघे सुजलेले, रात्रीच्या गोळ्या घेतलेल्या. साडेनऊला मुलाला थोपटताथोपटता तिचाच डोळा लागतो. खोलीत टब आहे, टेबलावर विजेची किटली आहे, गॅलरीच्या सरकत्या दाराची कडी दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला येते. ज्या नातीच्या लग्नासाठी ती दोन महिन्यांपासून पैठणी काढून ठेवते, त्या नातीला सजलेली ती बघतच नाही. आपण याला आजीची माया म्हणतो. ती आहेच, पण तिच्या आडून आपण स्वतःची सोय बघतो.

परकीच्या भीतीसाठी एक परदेशी दाखला नेहमी दिला जातो: मे 2007, पोर्तुगालमधलं प्राया दा लुझ, सुट्टीच्या निवासातून नाहीशी झालेली चार वर्षांचीही न झालेली ब्रिटिश मुलगी. ‘बघा, हॉटेलात मुलं ठेवली की काय होतं’ असं म्हणताना एक तपशील विसरला जातो. त्या रात्री खोलीत सांभाळणारी नव्हती. मुलं झोपली होती, आईबाप आवारातल्याच उपाहारगृहात जेवत होते आणि थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून येत होते. अपराध ज्याने केला त्याचा. त्या आईबापांना आणखी दोष द्यायची माझी अजिबात इच्छा नाही. पण दाखला म्हणून तो उलट्या बाजूचा आहे. अधूनमधून डोकावून येणं म्हणजे सांभाळणं नाही. आपल्याकडे आता त्याला मोबाइलची जोड मिळाली आहे: एक फोन पाळण्याकडे तोंड करून चालू ठेवायचा, दुसरा खाली मांडवात हातात. पडद्यावर मूल उलटी करून ठसकताना दिसलंच, तर लिफ्ट येऊन चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिथे कोण आहे?

मुलाच्या मनाचा मुद्दा घेऊ. जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईची माया आणि मुलाचं मानसिक आरोग्य यावर अहवाल लिहिला. आईविना मुलाचं भावविश्व कोलमडतं, हे तेव्हापासून सगळीकडे सांगितलं जातं. पण बोल्बींपुढे जी मुलं होती ती युद्धात बेघर झालेली, अनाथालयांत वाढलेली, महिनोन्महिने रुग्णालयात एकटी पडलेली. मायकेल रटर यांनी 1972 मध्ये या सगळ्या मांडणीची फेरतपासणी केली आणि आईपासून थोडा वेळ दूर राहणं वेगळं, मायेचं माणूसच आयुष्यात नसणं वेगळं, हे नीट उलगडून दाखवलं. सारा ब्लाफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तर 2009 च्या आपल्या ग्रंथात असं मांडलं की माणसाचं मूल एकट्या आईने वाढवायला इतकं अवघड आहे, की आईखेरीज इतर सांभाळणारे होते म्हणूनच आपली जात टिकली. एका संध्याकाळच्या तीन तासांवर अनाथालयाचे निष्कर्ष लावणं हा शास्त्राचा गैरवापर आहे.

तरी इथे पूर्वपक्षाचं काही खरं आहे आणि ते सोडून देऊ नये. वर्षाच्या आतलं, अंगावर पिणारं, आईशिवाय कधीच न निजलेलं मूल पहिल्यांदाच नव्या खोलीत नव्या बाईकडे रात्री देऊ नये. झोपल्यावर बाई आणायची आणि उठायच्या आत पाठवून द्यायची, ही युक्ती तर त्याहून वाईट. मूल मध्येच जागं झालं आणि अंधारात अनोळखी चेहरा दिसला, तर ते जे किंचाळेल ते रास्तच असेल. बाई मुलाला उजेडात, आईच्या मांडीवरून आधी दिसली पाहिजे. या ओळखीला जे आईबाप एक तास द्यायला तयार नाहीत, त्यांनी बाई मागू नये.

दुसरं खरं असं, की आपल्या हॉटेलांची ही सोय आज बहुतेक ठिकाणी नावापुरती आहे. पत्रकावर ‘मागणीनुसार बेबीसिटर’ छापलेलं असतं; मागणी केली की हाउसकीपिंगमधली एखादी मुलगी वर पाठवतात. दिवसभरात बारा-पंधरा खोल्यांच्या चादरी बदलून, न्हाणीघरं घासून ती आलेली असते. तिला मुलं आवडत असतील, घरी स्वतःचंही असेल, पण मुलाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नसतं आणि आठ तास राबल्यावर तिचे डोळे मिटत असतात. असली बाई नाकारणं योग्यच. पण त्यावरून सोयच नको असं ठरत नाही. सोय धड हवी, असं ठरतं.

धड म्हणजे कशी, याचा विचार इतरांनी केलेला आहे. इंग्लंडमध्ये लहान मुलं सांभाळण्याचा धंदा करणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते. हॉटेलात संध्याकाळी सहा ते रात्री दोन या वेळात सांभाळणाऱ्यांना त्यातून सूट आहे, पण एका वेळी दोनहून अधिक गिऱ्हाइकांची मुलं घ्यायची नाहीत या अटीवर. म्हणजे ‘हॉटेलातली रात्रीची सांभाळणारी’ हा व्यवहार कायद्याने ओळखला आणि त्याची हद्द आखली.

आपल्याला मात्र इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. गोव्याचा 2003 चा बालक कायदा याहून कडक आहे. हॉटेलच्या आवारात, आणि आवारातून जाता येईल अशा किनाऱ्यावर वा तलावावरसुद्धा, मुलं सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्या कायद्याने मालक आणि व्यवस्थापकावर टाकली आहे. आपल्या कुटुंबासह किंवा नातेवाइकांसह त्या खोलीत नोंद झालेली नसेल, तर मुलाला हॉटेलच्या कुठल्याही खोलीत प्रवेश नाही. हा कायदा किनाऱ्यावर येणाऱ्या विकृत पर्यटकांपासून मुलांना वाचवण्यासाठी झाला. पाहुण्यांच्या मुलांनाही त्याचं छत्र आहे, हे गोव्यात लग्न ठरवणाऱ्या मराठी घरांना माहीत नसतं. देशभरासाठी 2015 चा बालन्याय कायदा आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला त्रास होईल अशी जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. मुलांची काळजी घेण्याचं काम सोपवलेल्या संस्थेच्या नोकराने केली तर पाच वर्षांपर्यंत. बिलावर नोंद करून, हॉटेलमार्फत ठेवलेली बाई कायद्याला उत्तरदायी असते, आणि तिच्यामागे हॉटेलही. न्हाऊ घालणारीच्या बाबतीत शेजारणीची शिफारस जे काम करते, ते इथे या लेखी जबाबदारीने करायचं असतं. म्हणून रिसेप्शनवरच्या मुलाला ‘तुझ्या ओळखीची कोणी आहे का’ असं विचारून बाहेरून बाई आणणं मला पूर्णपणे अमान्य आहे. तिथे पूर्वपक्षाची भीती शंभर टक्के खरी ठरते.

खोली ठरवतानाच पत्रातून विचारावं: बाई हॉटेलच्या नोकरीत किती वर्षं आहे, पोलीस पडताळणी झाली आहे का, प्रथमोपचार शिकली आहे का, त्या दिवशी तिची दुसरी पाळी आहे का. उत्तर टाळलं गेलं तर उत्तर मिळालं असं समजावं. बाई आली की तिच्यासोबत खोलीतून एक फेरी मारावी. गॅलरीचं दार लावून वरची कडी घातलेली दाखवावी, किटलीची पिन काढून ती कपाटात वर ठेवावी, न्हाणीघराचं दार बंद, मिनीबारमधले दाणे आणि काजू उचललेले. मूल काय म्हणून पाणी मागतं ते तिला सांगावं. घरोघरी तो शब्द वेगळा असतो, आणि तो माहीत नसला की मूल रडतं आणि बाई त्याला दूध देत बसते. कुठलं पांघरूण नाकाशी धरून निजतं, अंगाई लागते की पाठ थोपटलेली, तेही. औषध कुठलंच द्यायचं नाही. ताप वाटला तर फोन. फोन नंबर कागदावर लिहून इंटरकॉमशेजारी. मग आईने तिथेच बसावं आणि बाईला मुलाशी खेळू द्यावं. मूल हातातली मोटार तिला दाखवायला गेलं की उठावं, आणि ‘येते मी’ असं सांगून जावं. गुपचूप सटकू नये.

बाईचंही काही देणं लागतो आपण. लंडनच्या हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर मुलं सांभाळणाऱ्या आयांसाठी चालवलेलं एक निवासगृह होतं; 2022 साली त्या घरावर स्मृतिफलक लागला. हिंदुस्थानातून बोटीवर साहेबांची मुलं सांभाळत गेलेल्या कित्येक बाया तिकडे पोचल्यावर वाऱ्यावर सोडल्या जात, परतीचं तिकीटही न देता. त्यांना आसरा म्हणून ते घर होतं. प्रवासात मुलं सांभाळायचं काम आपल्याच बायकांनी केलेलं आहे आणि ते करून घेणाऱ्यांनी त्यांना कसं वागवलं हेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा रात्री बाराला काम संपवणारी बाई घरी कशी जाणार, हे विचारणं पाहुण्याचं कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते. तिच्या जादा वेळेचा पैसा तिलाच मिळतो का, हेही विचारावं. तिच्या घरी तिचं मूल त्या वेळी कुणापाशी आहे, हा प्रश्नही मनात ठेवावा.

राहिला आईपणाचा आक्षेप. मुलासाठी खोलीत थांबणं हे कर्तव्य असेल, तर ते बापाचंही आहे. संगीताची रात्र सोडून खोलीत मुलाशेजारी बसलेला बाप मी फार क्वचित पाहिला आहे, आणि जो बसतो त्याचं कौतुक तीन दिवस चालतं. बहिणीच्या लग्नात बहिणीने असावं, ही मौज नाही, तेही नातंच आहे. दीड वर्षात सलग झोप न मिळालेल्या बाईला एक संध्याकाळ मिळाली तर तिच्या मुलाचं काही हिरावलं जात नाही. नवरा-बायकोने आळीपाळीने थांबायचं ठरवलं तर उत्तमच, त्याला पैसाही पडत नाही. पण ‘आई थांबेल’ हे आधी ठरवून मग त्याला वात्सल्य म्हणायचं, हे आता थांबायला हवं.

आणि ज्या लग्नात पाच-सात लहानगी येणार हे पत्रिका छापतानाच ठाऊक असतं, तिथे प्रत्येकीने आपापल्या खोलीत वेगळी व्यवस्था करण्याचं कारण नाही. फुलं, मेंदीवाली, डीजे, फोटोग्राफर ठरतात त्याच बैठकीत यजमानांनी मुलांची खोली ठरवावी. खालच्या मजल्यावरची, तलावापासून लांब, मांडवाजवळ पण कर्ण्यांच्या उलट बाजूला. गाद्या जमिनीवर, म्हणजे कोणी पडणार नाही. बायका दोन, कधीच एकटी नाही. गावातल्या एखाद्या पाळणाघराच्या ताईंना आधी सांगितलं तर त्या आनंदाने येतात, आणि डीजेच्या एका रात्रीपेक्षा त्यांचा खर्च फार कमी असतो. दार रात्रभर उघडं, कोणीही आईबाप कधीही डोकावू शकेल असं. बंद खोलीतल्या एकट्या बाईबद्दलचा आक्षेप इथे उरतच नाही. दाराशी एक वही ठेवावी: मुलाचं नाव, कुणी आणून सोडलं, खोली नंबर, फोन, कशाची ॲलर्जी आहे का. ज्याने सोडलं त्याच्याच हाती मूल परत द्यायचं, हा नियम ताईंना यजमानांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवावा, म्हणजे मामा न्यायला आला आणि त्याला नाही म्हटलं तर तो रागावणार नाही.